काढलेल्या दाढेचं दुखणं

शेवट आधीच सांगते, म्हणजे कुणी आशेनं पानं उलटायला नकोत. माझं दुखणं गेलेलं नाही. हे लिहितानाही ते आहे, खालच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसऱ्या दाढेच्या जागी. दाढ तिथे नाही. सव्वा वर्षापूर्वी काढली.

तरी लिहिते, कारण त्या दिवसांत मी असं काहीतरी वाचायला शोधत होते आणि मिळत नव्हतं. जे मिळायचं ते एक तर डॉक्टरांच्या भाषेत असायचं, नाही तर ‘आठ दिवसांत आराम’ असं सांगणारं. दाढेत सिमेंट भरून आलात, थंड लागतंय, चावताना कळ येतेय, म्हणून घाबरून हे हातात घेतलं असेल तर एवढं इथेच वाचून घ्या: बहुतेकांचं ते थांबतं. दोन-चार आठवड्यांत विसरायला होतं. माझं थांबलं नाही, ती गोष्ट वेगळी.

यादीतलं काम

मी मलकापूरला एका शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. वय एकोणपन्नास. यजमान बाजार समितीत नोकरीला. माझ्या पर्समध्ये कायम एक डायरी असते. डाव्या पानावर आजची कामं, उजव्या पानावर कालची राहिलेली. ‘दाढ दाखवणे’ हे काम त्या उजव्या पानावर सहा महिने फिरत होतं. दाढेत भाजी अडकायची, मी काडीनं काढायची, आणि पुढच्या पानावर पुन्हा ‘दाढ’ लिहायची.

जानेवारीत एकदाची गेले. आमच्या गावातल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान, पण हात हलका आणि बोलणं स्पष्ट. एक्स-रे पाहून म्हणाल्या, “ताई, कीड खोल गेली आहे. नसेच्या अगदी जवळ. मी भरते, पण काही दिवस ठणकेल. थंड-गरम लागेल.”

भरून झाल्यावर त्यांनी दातांत निळा कागद धरला. “चावा. उंच लागतंय का कुठे?”

अर्धा चेहरा बधिर. ओठ आहे की नाही तेच कळत नव्हतं, उंच काय लागणार? पण साडेदहाला शाळा, पगारपत्रकं जायची होती. मी म्हटलं, “ठीक आहे.”

“बधिरपणा उतरला की उद्या येऊन एकदा दाखवा.”

मी ते लिहून घेतलं. आणि गेले नवव्या दिवशी.

माझी पहिली चूक ही. मी पाहिल्यात तेवढ्या सगळ्या जणी तोंड बधिर असताना ‘ठीक आहे’ म्हणतात. म्हणू नका. दुसऱ्या दिवशी काम बाजूला ठेवून जा.

नऊ दिवस

पहिल्या सकाळी नळाच्या पाण्यानं चूळ भरली आणि डोळ्यांत पाणी आलं. कळ दाढेतून कानाकडे गेली आणि कानातून परत आली. मॅडमनी सांगितलंच होतं, म्हणून घाबरले नाही. कोमट पाणी, उजवीकडून जेवण, एक गोळी. पाचव्या दिवशी भाकरीच्या पापुद्र्यावर चावलं तरी बत्ती गुल झाल्यासारखं व्हायचं. दाढ इतर दाढांच्या आधी लागत होती. भरलेलं उंच होतं.

मॅडमनी ते घासून बसवलं. दोन दिवस इतकं बरं वाटलं, की मी डायरीत ‘दाढ’ शब्दावर काट मारली.

तिसऱ्या दिवशी दुखणं परत आलं, पण वेगळं. आता ते सुरू व्हायला थंड पाणी लागत नव्हतं, चावणं लागत नव्हतं. ते आपापलं असायचं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजीला कधी आतून आग लागते. बाहेर ज्वाळा नाही, धूरही नीट दिसत नाही, वरून पाणी मारत राहतात आणि आत ती दोन-दोन दिवस धुमसत राहते. तसं. याहून नेमकं मला अजून सांगता आलेलं नाही.

फेब्रुवारीत रूट कॅनल झालं, तीन खेपांत. मी मनाशी हिशेब घातला होता: नसच काढली की दुखायला उरलं काय? मॅडमनाही तसंच वाटलं असावं. शेवटच्या खेपेला त्यांनी दाढेवर बारीक ठोकून विचारलं, “इथे?”

“नाही.”

“इथे?”

“ठोकल्यावर काही होत नाही हो. न ठोकताच होतं.”

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, मलाही दाखवला. सगळं नीट भरलेलं, मुळाशी काही नाही. “मला इथं काही दिसत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढे मी पुष्कळ जणांकडून ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता.

रजिस्टर

दिसत नाही ना, मग लिहून दाखवू, असं मी ठरवलं. शाळेतलं जुनं दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, दहापैकी किती, काय खाल्लं होतं, कोणती गोळी, आणि शेवटचा रकाना ‘जागा’. त्या रकान्यात रोज तेच: खालची डावी, शेवटून दुसरी.

घरात सुरुवातीला सगळं गमतीत चाललं. यजमान म्हणायचे, “सातबाऱ्यावर नाव चढवून टाक दाढेचं.” भाजी मऊ शिजवायचे, स्वतः. मार्चपर्यंत गंमत संपली. मी जेवताना गप्प, फोनवर गप्प, पाहुणे आले की आतल्या खोलीत. एका रविवारी ते ताटावरून उठले आणि म्हणाले, “सुनंदा, तू ते रजिस्टर बंद कर. दुखणं आपोआप बंद होईल.”

“म्हणजे मी खोटं लिहिते?”

“खोटं नाही म्हणत मी. पण डॉक्टर म्हणते काही नाही, एक्स-रे म्हणतो काही नाही. मग राहिलं काय? डोकंच राहिलं ना.”

त्यानंतर आम्ही तीन दिवस गरजेपुरतं बोललो. तेव्हाच मी ठरवलं, दाढ काढून टाकायची. दाढच राहिली नाही, तर ‘डोकं’ म्हणायला कुणाला जागा राहणार नाही.

मॅडमनी दोनदा नाही म्हटलं. “दाढ काढून दुखणं जाईलच असं मला वाटत नाही. थोडं थांबा. मी तुम्हाला अकोल्याला एकांकडे पाठवते.” मला वाटलं, आपली चूक झाकायला बाई वेळ काढते आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं तेच लिहायचं ठरवलं आहे. मी त्यांना न सांगता दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गेले. रजिस्टर बरोबर घेतलं.

त्यांनी पानं उलटली. “एवढं व्यवस्थित लिहून आणणारा पेशंट मी पहिल्यांदा बघतोय,” ते म्हणाले. शंभराच्या वर नोंदी आणि प्रत्येकीत एकच दाढ. ते आधी का-कू करत होते, पण त्या रजिस्टरपुढे त्यांना काही बोलता आलं नाही. मी त्यांना बोलूच दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दाढ निघाली. निघाल्यावर मी ट्रेमध्ये तिच्याकडे पाहिलं. चांगली, मजबूत, दोन मुळांची दाढ होती.

माझी एकही नोंद खोटी नव्हती. त्यावरून काढलेला अर्थ चुकला होता.

चार चांगले दिवस

काढल्यावर चार दिवस मला काही दुखलं नाही. जखम दुखली, पण ते दुखणं कळण्यासारखं होतं, गुडघा खरचटल्यासारखं. ती धुमस नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी मी लाल पेन घेतलं, रजिस्टरच्या शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या आणि लिहिलं, ‘समाप्त’.

त्याच दुपारी डोणगावहून जाऊबाईंचा फोन आला. माझे थोरले दीर आणि जाऊबाई तिथे शेती करतात. जाऊबाई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला चुलीवर भाकरी येत नव्हती, तर त्यांनी सासूबाईंना कळू न देता महिनाभर माझ्या वाटच्या भाकरी थापल्या होत्या. कुणी त्यांना हे बोलून दाखवलं तर त्या चिडतात.

“गेलं का वं दुखनं?”

“गेलं, बाई.”

“खरं सांगून राह्यली का मले बरं वाटावं म्हून?”

“खरंच. गोळीपण नाही घेतली आज.”

 मग त्या दिरांना ओरडून सांगताना ऐकू आलं, “अवो, ऐकलं का! पावली मरीमाय!” आणि मला म्हणाल्या, “म्या बोललो होतो तिले. म्हनलं, माय, सुनंदाचं दुखनं ने, तुह्या पायरीवर रोडगे देतो. कोनाले सांगतलं नव्हतं म्या. आता सांगतो साऱ्याइले.”

ज्यांनी रोडगे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. जाडसर कणकेचे गोळे शेतातच गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यावर तूप, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. मरीमायला, म्हणजे त्यांच्या बांधावरच्या देवीला आधी, मग बोलावलेल्या सगळ्यांना. नवस पावला की तो तसाच ठेवत नाहीत. संध्याकाळपर्यंत वार ठरला होता, पुढच्या महिन्यातला पहिला रविवार, आणि पन्नासेक माणसांना निरोप गेला होता.

सहाव्या दिवशी मी शाळेत दाखले लिहीत होते. दुपारचे बारा. उजव्या हातात पेन, डाव्या हाताखाली कागद. आणि दाढ नव्हती त्या जागी दाढ दुखू लागली.

मी जीभ लावून पाहिली. तिथे मऊ हिरडी होती. दुखणं तिच्या आत, बरोबर तेवढ्याच उंचीवर, जिथे दाढ असायची.

रोडगे

त्या दिवशीच फोन करायला हवा होता. मी वाट पाहिली, एक दिवस, मग आणखी एक. जखम भरताना होत असेल, असं म्हटलं. दहाव्या दिवशी कळून चुकलं की हे तेच आहे. पण तोवर दिरांनी गहू जाडा दळून आणला होता, जाऊबाईंनी मरीमायच्या ओटीला हिरवा खण आणला होता. आणि काय सांगणार होते मी? नवस पावला नाही म्हणून? ‘गेलं, बाई’ हे माझेच शब्द होते.

निघायच्या सकाळी यजमानांना सांगितलं. ते बुटाची नाडी बांधत होते. हात थांबले.

“कधीपासून?”

“सहाव्या दिवसापासून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच ‘डोकं’ नव्हतं. घाबरलेले दिसले. मग म्हणाले, “आज नको बोलू. वहिनीचा दिवस आहे. आजचा दिवस काढ.”

वैशाखातलं ऊन. सकाळी नऊलाच बांधावर उभं राहवत नव्हतं. पुरुष आराशी, बायका लिंबाच्या सावलीत. दीर लांब काडीनं रोडगे उलटवत घामानं निथळत होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं सांगत होते, “या, या! आमच्या दाढीचे रोडगे खा!” दाढेला ते दाढीच म्हणत आणि स्वतःच हसत.

ओटी भरून झाल्यावर जाऊबाईंनी मला पुढे केलं. “टेक डोकं.” मी टेकलं. बायका जवळ आल्या.

“दाखव वं, कोनती होती?”

मी तोंड उघडलं. एकीनं वाकून पाहिलं. “अग माय, चांगलं भोक हाये.”

दुसरी म्हणाली, “दाढीसाठी कोनी नवस बोलते का? माह्या गुडघ्यासाठी बोल म्हना तुह्या जावेले.”

“गुडघा तुहा साठ वर्साचा हाये,” जाऊबाई म्हणाल्या, “मरीमाय काय नवा बसवून देनार हाये का तुले?” सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. हसताना गाल ताणला की ते वाढतं, हे मला त्या दिवशी कळलं. दहापैकी आठ. ‘समाप्त’च्या खाली मी पुन्हा लिहायला लागले होते, पण रजिस्टर घरी होतं.

जेवताना जाऊबाई स्वतः माझ्या पानात रोडगा फोडत होत्या, वरून तूप, वरून वरण, अगदी मऊ करून. “खाय. आता दोनी बाजूनं खाय.” मी दोन्ही बाजूंनी खाल्लं.

न बोलण्याचे महिने

त्यानंतर आठ महिने, डॉक्टर सोडले तर, ‘दुखतंय’ हा शब्द आमच्या घराबाहेर गेला नाही. दुखतंय म्हटलं की मरीमाय खोटी, जाऊबाई खोट्या, पन्नास माणसांचं जेवण खोटं. सणाला डोणगावला जायचं, हसायचं, परत यायचं. मे महिन्यात मलकापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको. सगळं गाव माठातलं पाणी पीत होतं आणि गार घोटानं धुमस वाढायची म्हणून मी शाळेत फ्लास्कमधून कोमट पाणी प्यायचे. कुणी विचारलं तर ‘घसा’ म्हणायचे.

एकच माणूस काही न विचारता समजला. आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचा चहा साडेबाराला येतो आणि माझा दहा मिनिटांनी उशिरा, बरोबर पिता येईल इतका निवलेला. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

अकोला

जुलैत खाली मान घालून डॉक्टर मॅडमकडे परत गेले. त्यांनी तोंडात पाहिलं, मोकळी जागा पाहिली आणि एवढंच विचारलं, “कधी काढली?” रागावल्या नाहीत. अकोल्याच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. चेहऱ्याच्या नसांचं दुखणं ते बघतात. सगळीकडे ‘शाळेच्या कामानं चालले’ असं सांगून आम्ही दोघं पॅसेंजरनं गेलो.

त्यांनी कापसाचं बारीक तूस घेतलं आणि माझ्या दोन्ही गालांवर फिरवलं. उजवीकडे तूस लागलं. डावीकडे हनुवटीजवळ ते लागलं तशी मी मागे सरकले. यजमान तूस बघत होते आणि मला बघत होते.

डॉक्टरांनी रजिस्टर नीट वाचलं, घाई न करता. मग म्हणाले, “दुखणं खरं आहे. ते दाढेत नव्हतं. नसेला दुखण्याची सवय लागली आहे. कारण संपलं, सवय राहिली. काही थोड्या माणसांत असं होतं. का, ते आम्हाला नक्की सांगता येत नाही.”

“म्हणजे दाढ...”

“दाढ चांगली होती.”

“काढायला नको होती?”

त्यांनी रजिस्टर मिटलं. “आता काढली आहे,” म्हणाले.

निदान झालं की सुटल्यासारखं वाटतं, असं मी वाचलं होतं. मला वाटलं नाही. इतके दिवस निदान एक आशा होती, की कुठेतरी काहीतरी राहून गेलंय आणि कुणीतरी ते काढेल. त्या खोलीत ती संपली. काढण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

रोज संध्याकाळची एक गोळी सुरू झाली. तिनं सकाळी डोकं जड राहतं, नावं आठवत नाहीत. एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर मी त्याच्या भावाचं नाव लिहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले, “कमी होईल. जाईल असं मी म्हणणार नाही.” आणि निघताना, “ते लिहिणं बंद करा. दर तासाला लिहिलं, की दर तासाला लक्ष तिथे जातं.”

स्टेशनवर यजमानांनी तिकिटं काढली. बाकावर बसल्यावर म्हणाले, “ते ‘डोकं’ मी वेगळ्या अर्थानं म्हणालो होतो.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

गोळीनं आठाचं सहा झालं, काही दिवस पाच. पाचाच्या खाली ते अजून आलेलं नाही.

वैशालीची दाढ

यंदाच्या जानेवारीत, मधल्या सुट्टीत, आमच्या शाळेतल्या वैशाली मॅडम ऑफिसमध्ये आल्या. तिशीतल्या, प्राथमिकला शिकवतात. गालावर हात.

“ताई, पाच दिवस झाले सिमेंट भरून. थंड लागतं, चावलं की जीव जातो. मी उद्या काढूनच टाकते.”

“काढून?”

“तुम्ही नाही का काढली? आई सांगत होती. आमचं माहेर डोणगावचं ना. तुमच्या जाऊबाईंचे रोडगे खाऊन आली ती. म्हणे काढली अन् गेलं, मरीमायनं एका घासात नेलं. मी उद्याची वेळ घेतली आहे.”

माझ्यापुढे फायली होत्या. मी वरची फाईल बंद केली, पुन्हा उघडली. आठ महिने माझ्या गप्प राहण्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, असं मी धरून चालले होते. आणि समोर एक दाढ होती, बहुधा चांगली, जी माझ्या गप्प राहण्यामुळे उद्या निघणार होती. हिला सांगितलं की संध्याकाळी हिच्या आईला कळणार, आणि आईला कळलं की जाऊबाईंच्या ओट्यावर जाणार. तेही दिसत होतं.

“वैशाली मॅडम, माझं गेलं नाही.”

“काय?”

“दुखणं. गेलेलं नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानापण आहे.”

“पण रोडगे...”

“रोडगे झाले. दुखणं आहे.”

त्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, निळ्या कागदापासून. म्हटलं, उद्याची वेळ मोडा. ज्यांनी भरली त्यांच्याकडे आजच जा, चावा तपासून घ्या, उंच असेल तर घासून देतील. मग तीन आठवडे थांबा, आणि तरी राहिलं तर ते सांगतील तसं करा. घाईनं काढू नका.

जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “आईला सांगू नको ना?”

मी ‘नको’ म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं.

“सांगायचं तर सांगा,” म्हटलं.

वैशाली मॅडमचं दहा दिवसांत थांबलं. भरलेलं उंचच होतं, घासल्यावर गेलं. एक दिवस त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहून थंडगार ताक प्यायल्या, मला दाखवायला. मला आनंद झाला. आणि त्याच वेळी त्यांचा हेवा वाटला, इतका, की मी मान खाली घालून कागद चाळत राहिले. हेही लिहायला हवं.

जाऊबाई

पंधरा दिवस डोणगावचा फोन नाही. मीही केला नाही. सोळाव्या दिवशी, रविवारी, अकराच्या सुमारास दार वाजलं. जाऊबाई. हातात पिशवी, पदर डोक्यावर, एसटीनं एकट्या आलेल्या. एवढ्या लांब त्या कधी एकट्या येत नाहीत.

पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. यजमान बाहेर आले, पाया पडले आणि आत गेले.

“दाखव,” जाऊबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. त्यांनी माझी हनुवटी धरून खिडकीकडे वळवली. बराच वेळ बघत राहिल्या.

“इथं तं काईच नाई.”

“नाही.”

“अन् दुखते?”

“हो.”

“आता?”

“आत्तापण.”

“त्या दिवशी? रोडग्याच्या?”

मी मान डोलावली. त्यांनी हनुवटी सोडली.

“काऊन बोलली नाई मले?”

“तुम्ही एवढं केलं होतं, बाई. पन्नास माणसं...”

“मानसाइले काय करतं? जेवले अन् गेले.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “म्या तुले दोनी बाजूनं खाय म्हनलं. तू खाल्लं.”

 त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. मग विचारलं, “मंग म्या नवस कायचा फेडला?”

“माहीत नाही, बाई.”

“डाक्टर काय म्हनते? जाईन का?”

“कमी होईल म्हणतात. जाईल म्हणत नाहीत.”

मला वाटलं होतं, आता त्या दुसरा नवस बोलतील, नाही तर मला बोल लावतील, नाही तर रडतील. यातलं काही झालं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, डब्यात तांदूळ किती आहेत ते पाहिलं आणि मऊ खिचडी लावली. दुपारी आम्ही तिघं ती जेवलो. मी उजव्या बाजूनं. चारच्या एसटीनं त्या परत गेल्या. नवसाचा विषय त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढला नाही, आणि पुढेही काढलेला नाही. मरीमायशी त्यांचं काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही.

आता त्यांचा फोन दर बुधवारी येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

“दुखते का वं?”

“दुखतं, बाई.”

“बरं,” त्या म्हणतात. आणि मग पेरणीचं सांगतात.